टोल्याची अर्धी जमीन

सुधाकर,

तू गेल्याचं मला माजरीच्या चहाटपरीवर कळलं. पहिली पाळी संपवून, अंगावरचा कोळसा तसाच घेऊन मी खाणीबाहेर आलो होतो. आपल्या गावचा एक जण भद्रावतीला कामासाठी आलेला, तो मुद्दाम वाट वाकडी करून आला आणि म्हणाला, "गनपतभाऊ, मास्तर गेले ना बावा. भामरागडले." कधी, म्हणून विचारलं तर म्हणाला, "झाले आठेक दिवस. पुलावर पानी होतं, सांगाले मानूस कसा येईन?" मी चहा पूर्ण प्यालो. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण तुझ्या नाटकात वाईट बातमी आली की कोणाच्या तरी हातून पेला पडायचा आणि मी दरवेळी तुला त्यावरून छळायचो. पेला पडला नाही. मी क्वार्टरवर गेलो, आंघोळ केली, आणि मग भिंतीकडे तोंड करून रडलो.

ताप डोक्यात गेला म्हणे. तिथल्या मलेरियाची तू थट्टा करायचास, पाहुण्यासारखा येतो आणि जातो म्हणायचास. या खेपेला पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती, रस्ता बंद होता, तुला पुढे कुठे नेणार? गेल्यावरही ठेवणार कुठे आणि किती दिवस? तिथल्याच लोकांनी संगमाजवळच्या उंचवट्यावर तुला अग्नी दिला. ज्यांची भाषा तुला अजून धड बोलता येत नव्हती, त्यांनी. मला तुझं तोंड पाहायला मिळालं नाही, आणि याचा राग कोणावर काढायचा तेही कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतो आहे.

मी रजा टाकून गावी आलो आहे. इथल्या पोरांनी शोकसभा ठेवली आहे. माझ्याकडे आले, म्हणाले, मास्तरांची माहिती लिहून द्या, फळ्यावर लिहायची आहे. एम.ए. इतिहास, माजी सरपंच, नाटककार. बास, एवढ्यात तू संपलास. मी म्हटलं, तुम्हीच लिहा. मला जे लिहायचं आहे ते फळ्यावर मावणारं नाही, आणि ते तुझ्याशीच बोलायचं आहे. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं आहे.

तुझ्या आयुष्यात खरा जवळचा माणूस एकच होता, आणि तो अडीच हजार वर्षांपूर्वी मेला होता. स्पुरियस कॅशियस. लग्न केलं नाहीस, नोकरी धरली नाहीस, पण या रोमच्या माणसाला कधी सोडलं नाहीस. चंद्रपूरला कॉलेजात असताना कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात तो तुला भेटला. मी तेव्हा खाणीत नुकताच लागलो होतो. सुट्टीला गावी आलो की आपण तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर बसायचो, मी विडी ओढायचो आणि तू मला रोम सांगायचास. मॅट्रिक नापास माणसाला कोणी इतकं मन लावून काही सांगितलं नव्हतं. घरात मला काम सांगायचे, खाणीत हुकूम सोडायचे. तू मला गोष्ट सांगायचास आणि मध्येच थांबून विचारायचास, "तुले काय वाटते, गनप्या?" माझं मत कोणाला तरी हवं असतं हे मला त्या पाळीवर कळलं. हे तुला मी कधी बोललो नाही. आपल्याकडे मित्राला असलं बोलायची रीत नाही, शिव्या द्यायची आहे.

कॉन्सल म्हणजे काय, हे तू पहिल्यांदा समजावलंस ते आठवतं? "राजाले हाकलला त्यायनं. मंग ठरवलं का आता दोन सरपंच. दोघंबी एका वर्षासाठी. एकानं काई भलतं केलं तं दुसरा नाई म्हनून शकते."

मी म्हटलं, "दोन? आपल्याले एकच झेपून नाई राह्यला बे."

तू इतका हसलास की पाळीवरून घसरता घसरता वाचलास. मग पुढे सांगत गेलास. कॅशियस तीनदा कॉन्सल झाला. पहिल्यांदा झाला तेव्हा सॅबाइन लोकांशी लढला, जिंकला, गावातून त्याची मिरवणूक निघाली. पुढे रोमवर संकट आलं आणि सगळी सत्ता काही काळापुरती एकाच माणसाच्या हाती द्यायची असं पहिल्यांदाच ठरलं, तेव्हा त्या माणसाच्या हाताखाली घोडदळाचा मुख्य म्हणून यालाच नेमला. तू हे सांगताना हात घोड्याच्या लगामावर असल्यासारखे धरायचास. घोड्यावर तू जन्मात बसला नव्हतास. तुझी सायकलसुद्धा माझीच होती.

पण लढाया तुला फारशा आवडत नव्हत्या. तुला आवडायचा दुसऱ्या वेळचा कॅशियस. रोमचे गरीब लोक कर्जाला आणि मारहाणीला कंटाळून गाव सोडून एका टेकडीवर जाऊन बसले होते. त्यांची समजूत निघाली, त्यांना त्यांचे पुढारी मिळाले, आणि त्याच वर्षी हा कॉन्सल झाला. त्यानं काय केलं, तर शेजारच्या लॅटिन गावांशी बरोबरीचा तह केला. कालपर्यंत ज्यांच्याशी लढाई होती त्यांच्याशी. जिंकून आणलेल्या मालात दोघांचा सारखा वाटा. तो तह पितळी खांबावर कोरून चौकात उभा केला होता. "जिंकलेला मानूस बरोबरीचा तह करते, गनप्या! पाह्यलं का तू कोठी?" मी पाहिलं नव्हतं. अजूनही पाहिलं नाही.

तुझी स्वतःची लढाई मी पाहिली. एका वर्षी श्रावणात पाण्यानं जोर धरला आणि तलावाची पाळ सांडव्याजवळ खचायला लागली. मी सुट्टीवर होतो. सकाळी सगळं गाव पाळीवर, पण प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, माती कोणी टाकत नव्हतं. तू विनाअनुदानित शाळेतून बिनपगारी घरी परतलेला मास्तर, पण त्या दिवशी ओरडलास ते मी आजही विसरलो नाही. माणसांच्या तीन रांगा लावल्यास. पुढे तरुण, मध्ये बाया, मागे म्हातारे, आणि हातोहात पोती. मला मागाहून सांगितलंस की रोमची फौज अशीच उभी राहायची. तेव्हा मात्र मला वाटलं होतं की तू रागानं वेडा झालास.

तरी माणसं पुरेनात. तेवढ्यात नाल्यापलीकडच्या टोल्यावरून, त्या लहानशा वस्तीवरून लोक आले. मासेमारी करणारी ती घरं, आपल्या गावात त्यांना कधी कोणी ओट्यावर बसा म्हटलं नव्हतं. ग्रामपंचायत वेगळी, तलावावर त्यांचा हक्क नाही, लपूनछपून जाळं टाकायचे आणि आपले लोक ते जाळं फाडायचे. छातीएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी खाली खुंट ठोकले. आपल्यातल्या कोणाला ते येत नव्हतं. पाळ टिकली. काशीबाई नावाची टोल्यावरची एक बाई दिवसभर पाण्यात होती, तिचे हात पांढरेफटक पडले होते. तू तिला तुझ्या घरी नेऊन चहा पाजलास आणि डोमाजी काकांनी, तुझ्या वडिलांनी, तिला स्वतःचं घोंगडं दिलं.

त्याच हिवाळ्यात तू नाटक लिहिलंस. आपल्या झाडीपट्टीत बैलांच्या शर्यतींचा शंकरपट झाला की नाटक पाहिजेच, पण रोमचं नाटक? नाटक मंडळाची माणसं म्हणाली, मास्तर, गाणी असतील तर करू. तू गाणी टाकलीस. स्पुरियस कॅशियस पेटी-तबल्यावर भैरवी म्हणत प्रवेश करायचा. हसू नको, तेव्हा तूही हसला नव्हतास. कॅशियस तू, आणि त्याला आडवा जाणारा दुसरा कॉन्सल व्हर्जिनियस, तो मी.

नाटक त्याच्या तिसऱ्या वेळचं होतं. तिसऱ्यांदा कॉन्सल झाला तेव्हा त्यानं हर्निकी नावाच्या हरलेल्या लोकांशी पुन्हा तसाच बरोबरीचा तह केला. आणि मग मांडला जमिनीचा कायदा. सरकारी जमीन होती, ती बड्या घरांनी दाबून ठेवली होती. ती भूमिहीनांना वाटायची, आणि नुसती रोमच्या नाही, त्या मित्रगावांच्याही. इथं व्हर्जिनियस उठतो. तो म्हणतो, आपल्या गरिबाला द्या, मी आडवा येणार नाही. पण परक्यांना कशासाठी? आज हा परक्यांना जमीन देतो, उद्या त्यांच्या जोरावर आपल्यावर राज्य करेल. याला राजा व्हायचं आहे.

ते भाषण तू काय लिहिलं होतंस, सुधाकर! मी तालमीत म्हणायला लागलो आणि मलाच पटायला लागलं. तुला म्हटलं, "हे जास्त चांगलं लिहून ठेवलं तू. तुया कॅशियसचं उत्तर याच्यापुढं फिक्कं हाये."

तू म्हणालास, "मंग काय, दुश्मन मुका दाखवू? तो हुशारच होता. म्हनूनच तं जिंकला."

आणि तो मुकुट. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो ते तुला आठवत असेल. वडशाहून ड्रेसवाला संध्याकाळी पेट्या घेऊन आला. रोमचा पोशाख त्याच्याकडे कुठून असणार? त्यानं राजाचा काढला. जरीचा अंगरखा, मोत्यांच्या माळा, आणि मोठा थोरला चकाकणारा मुकुट. मी म्हटलं, अरे, ज्याच्यावर राजा व्हायचा खोटा आळ येतो त्याच्याच डोक्यावर पहिल्या अंकापासून मुकुट? तू म्हणालास, "बिना मुकुटाचा नायक आपल्या लोकायले वळखू येत नाई, गनप्या. त्यायले वाटन, हा कोनी कारकून हाये." मंडळवालेही तेच म्हणाले. ड्रेसवाला म्हणाला, भाड्यात मुकुट धरलेलाच आहे, घाला. रंगपटात तू तो घातलास आणि आरशात पाहिलंस. मी मागे उभा होतो. तू जरा जास्तच वेळ पाहिलंस, सुधाकर. तेवढ्यात फोटोवाला आला आणि त्यानं तुझा फोटो काढला.

नाटक गाजलं. पण शिट्ट्या कोणत्या भाषणाला पडल्या ते तुला आठवतं. माझ्या. वन्स मोअर आला आणि मला व्हर्जिनियसचं भाषण पुन्हा म्हणावं लागलं. तू विंगेत टाळ्या वाजवत होतास. तुझ्यासारखा खुळा लेखक मी पाहिला नाही.

पुढे सरपंचाची जागा राखीव निघाली आणि तू सरपंच झालास. मला माजरीला निरोप पाठवलास, "आता मी कॉन्सल." मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. तुझ्या घराच्या चार पिढ्यांत कोणी ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसलं नव्हतं. डोमाजी काकांनी नवं धोतर नेसून सगळ्या गावातून एक चक्कर मारली.

मग तू गाळपेरीला हात घातलास. उन्हाळ्याकडे तलाव आटतो, पाणी मागे सरतं, आणि उघड्या पडलेल्या गाळात खताशिवाय सोन्यासारखं पीक येतं. तलाव सगळ्या गावाचा, गाळ मात्र चार घरांचा. वर्षानुवर्षं तीच चार घरं पेरायची आणि कोणी विचारत नव्हतं. तू ठराव आणलास की गाळ भूमिहीनांना द्यायचा. अर्धा आपल्या गावच्या, अर्धा टोल्याच्या.

आपलं खरं भांडण तेव्हा झालं. मी खास रजा टाकून आलो होतो. तुला म्हटलं, आपल्यायले आधी दे. एक वर्ष जाऊ दे. लोक तुझ्या बाजूनं पक्के झाले की पुढच्या वर्षी टोल्याचं आण. अर्ध्या भाकरीत वाटेकरी आणला तर भुकेला माणूस आधी वाटेकऱ्याला मारतो, मालकाला नाही.

तू म्हणालास, "हे तं व्हर्जिनियसचं भाषन झालं."

"मंग? तूच लिवलं ना ते?"

"पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करत कॅशियसचं वर्ष संपते, गनप्या. पाळ फुटून राह्यली होती तवा टोल्याचे लोक म्हनले का, पुढच्या वर्षी येतो म्हनून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण उत्तर नसणं म्हणजे तू बरोबर होतास असं नाही. तू बरोबरही होतास आणि आंधळाही होतास. तू म्हणत होतास ते न्यायाचं होतं, मी म्हणत होतो ते होण्यासारखं होतं. न्यायाचं ते झालं नाही, आणि होण्यासारखं होतं तेही तू होऊ दिलं नाहीस. रागावलास तर रागाव. आता काय करणार आहेस?

पुढचं तर नाटकाबरहुकूम झालं. ग्रामसभेत उपसरपंच उभा राहिला आणि बोलला, "आमच्या गरिबाले द्या, आमी आडवे येत नाई. पन परक्यायले कायले?" तुझंच वाक्य, तुझ्याच चालीवर. गावाला ते पाठ झालं होतं, कारण तू ते पाठ होईल असंच लिहिलं होतंस. मग त्यानं खिशातून तो रंगपटातला फोटो बाहेर काढला. मुकुट घातलेला तू. हातोहात फिरला. "पाह्या, याले राजा व्हाचं हाये. टोल्याची मतं घेऊन उद्या पंचायत समितीत जाईन, मंग आमदारकीले उभा राहीन." लोक हसले आणि हसता हसता त्यांना ते खरं वाटायला लागलं. नाटकासाठी भाड्यानं आणलेला मुकुट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, तरी कोणी म्हणालं नाही की अरे, हा तर वडशाचा.

अविश्वास ठरावाच्या दिवशी हात वर करणाऱ्यांत ते दोन सदस्यही होते ज्यांच्या घराला गुंठाभर जमीन नाही. गाळातला पहिला तुकडा त्यांनाच मिळणार होता. टोल्यावरून कोणी आलं नाही. त्यांना दम दिला होता, आणि आले असते तरी त्यांना बोलायचा हक्क कुठे होता?

कॅशियसचंही असंच झालं होतं ना? वर्ष संपलं, पद गेलं, खटला भरला, आणि ज्यांच्यासाठी कायदा आणला त्यांनीच त्याला मरू दिलं. घर पाडून तिथं मोकळी जागा ठेवली. एक गोष्ट अशीही सांगतात की त्याचा निकाल त्याच्या बापानंच लावला, घरातच, आणि त्याला मारलं. ही गोष्ट तू नाटकात घ्यायला तयार नव्हतास. मी म्हटलं होतं, घे, बाया रडतील. तू चिडून म्हणालास, "बाप असं करत नाई." आणि अविश्वास ठरावाच्या त्या दिवशी डोमाजी काका सकाळपासून ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून होते. भर उन्हात, पाणीसुद्धा न पिता. ठराव झाला, तू बाहेर आलास, तेव्हा त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही. उठले, तुझ्या चपला सरळ करून ठेवल्या आणि पुढे चालायला लागले. तू मागे. मी तुमच्या मागे. 

आता काका मला विचारतात, "हाडं तं आनशीन ना रे गनपत?" रस्ता सुरू झाला की जाईन म्हणून सांगितलं आहे. रोज विचारतात.

तू गाव सोडलंस. भामरागडला एका वसतिगृहाच्या शाळेत मानधनावर लागलास. मला बरं वाटलं होतं, वाटलं की हा माणूस आता नव्यानं सुरू करेल. पण गेल्या उन्हाळ्यात माजरीला माझ्याकडे आलास तेव्हा तू पार वाळला होतास. बायकोनं तुझ्यासाठी मुद्दाम मासोळी केली, तू दोन घास खाल्लेस. मी नेहमीसारखं छेडायला म्हणून विचारलं, "खरं सांग बे, तुया कॅशियसले राजा व्हाचंच होतं ना?" या प्रश्नावर तू पूर्वी तासभर भांडायचास. त्या दिवशी म्हणालास, "मले बी ठाऊक नाई, गनप्या. जे काई लिवलं ते त्याले मारनाऱ्यायच्या घरच्यायनं लिवलं. त्याच्या बाजूचा एकबी शब्द उरला नाई."

मग ताटातला भात चिवडत म्हणालास, "मले बी ठाऊक नाई, मले काय व्हाचं होतं." मी तेव्हा विषय बदलला, कारण तुझा चेहरा पाहवत नव्हता. पण आज सांगतो. मी तुला आरशात पाहिलं होतं. क्षणभर तुला तो मुकुट आवडला होता. मग? ज्या पोराच्या बापाला तलावाच्या पाळीवर चप्पल हातात घेऊन चालावं लागायचं, त्याला चार पावलं मुकुट घालावासा वाटला तर काय आभाळ कोसळलं? तुला थोडंसं राजा व्हावंसं वाटत असलं, तरी टोल्याला अर्धी जमीन द्यायची होती हे खोटं होत नाही. हे मला त्या दिवशी तुला सांगायचं होतं. मी विचारलं, आणखी भात वाढू का.

तुझ्याशिवाय मी खाणीतला नुसता हजेरीचा नंबर होतो. तू मला कॉन्सल केलंस, मग दुसऱ्या बाजूचा का असेना. अजूनही पाळी सुरू होताना खाणीत उतरताना मी मनातल्या मनात ते भाषण म्हणतो आणि शेवटी तुझं उत्तर म्हणतो. तुझं उत्तर खरंच फिक्कं आहे, सुधाकर. तरी मी आता तेच दोनदा म्हणतो.

इथलं सांगायचं तर सांगण्यासारखं काही नाही. तू पडल्यावर गावच्या भूमिहीनांना तरी गाळ मिळेल असं मला वाटलं होतं, उपसरपंचानं तसा शब्दच दिला होता. झालं काय, तर चार घरं पुन्हा पेरायला लागली. आता मासे आणि गाळ दोन्ही मिळून बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं चाललं आहे. ज्यांनी हात वर केले त्यातला एक जण परवा मला म्हणाला, मास्तरच्या वेळेस अर्धा तरी भेटला असता.   त्याचा चेहरा ओशाळलेलाही नव्हता, नुसता थकलेला होता. माझ्या मनात आता कसली आशा नाही, आणि ती आहे असं तुझ्यासाठी म्हणून लिहिणार नाही.

काल मी काकांकडे बसलो होतो तेव्हा काशीबाई त्यांना भेटायला आली होती. टोल्यावरून चालत, नाला ओलांडून. काकांजवळ बसून रडली, मग डोळे पुसून माझ्याकडे आली. त्या वर्षी टोल्याच्या लोकांनी तुझं नाटक लांब, कनातीबाहेर उभं राहून पाहिलं होतं, हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, एक इच्यारू? थंडीत आमाले शेवटपावतर थांबता नाई आलं. त्या नाटकातल्या मानसाले मारलं, मंग त्याच्या लोकायले जमीन भेटली का?"

मी म्हटलं, "नाई भेटली, बाई."

"मंग कवा भेटली?"

"तो कायदा तसाच पडून राह्यला. पुढं किती वर्सं भांडनं झाले त्याच्यावर. त्या लोकायले नाई भेटली."

"इथल्यायलेबी नाई, तिकडल्यायलेबी नाई?"

"कोनालेच नाई."

 मग अगदी साधेपणानं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "हे मास्तरले आंधीपासूनच ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "हो. त्याले ठाऊक होतं."

"मंग काऊन केलं त्यायनं?"

ती उत्तरासाठी बराच वेळ बसून राहिली, सुधाकर. मग अंधार पडायच्या आत नाला ओलांडायचा म्हणून उठली आणि गेली.